सर्वांनी लाभ घ्यावा

मी पोटासाठी मेल पाठवते. स्वतःचे नव्हे, कंपनीच्या गिऱ्हाइकांचे. सवलतीचे, उद्घाटनाचे, शेवटच्या संधीचे मेल लोकांच्या इनबॉक्समध्ये पोचावेत, स्पॅममध्ये पडू नयेत, एवढंच माझं काम. विषयाच्या ओळीत उद्गारचिन्हं नकोत, 'फुकट' नको, नुसती चित्रं नकोत, आणि ज्याने मागितलं नाही त्याला पाठवूच नका. दिवसभर हेच सांगून तोंड दुखतं. आणि इतकं करूनही स्पॅम अडवणारा फिल्टर आज कशावर रुसला हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा मला कुठलंही अक्षर नको असतं.

त्यामुळे नारायणगुड्यातल्या आमच्या मराठी वाचनालयाचे मेल स्पॅममध्ये जायला लागले, तेव्हा ते लचांड आपोआप माझ्याच गळ्यात पडलं. वाचनालय म्हणजे एक खोली आणि भिंतींना लावलेली कपाटं. चिटणीसपद सांभाळणाऱ्या काकू बरकतपुऱ्यात राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. आम्ही पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. खोली एका ट्रस्टची. त्यांनी निरोप पाठवला होता की यंदाच्या वार्षिक सभेला निम्मे सभासद तरी दिसले नाहीत, तर खोली परत घेऊ. सभासद सिकंदराबादपासून पार रिंग रोडपर्यंत पांगलेले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकावं तर सुप्रभाताच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. राहता राहिला मेल.

काकूंचा मसुदा पाहून मी कपाळावर हात मारला. वर दोन्हीकडे दंड देऊन श्री, विषयात 'आग्रहाचे निमंत्रण' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं, मजकुराऐवजी छापील पत्रिकेचा फोटो, आणि शेवटी 'अल्पोपाहाराची सोय केली आहे, तरी सर्वांनी लाभ घ्यावा.' दंड काढले, चिन्हं काढली, फोटोतला मजकूर टाइप केला. बंद पडलेले पत्ते गाळले. काकू निमूटपणे पाहत होत्या. मी 'लाभ'वर आले तेव्हा मात्र त्या अडल्या.

मी समजावलं की योजनांच्या आणि लॉटरीच्या भामट्या मेलांत हा शब्द हमखास असतो, फिल्टरला त्याचाच वास येत असेल.

"नक्को," काकू म्हणाल्या. "लाभ घ्यावा नाही म्हटलं तर ते निमंत्रण कसलं? नोटीस झाली ती."

मला वाद घालायचं त्राण नव्हतं. फिल्टरला मराठीतला मान कळत नाही, एवढंच म्हटलं. काकू म्हणाल्या की हौ, तुला कळतं त्यातलं. मी तिथे 'कृपया उपस्थित राहावे' असं लिहिलं आणि मेल पाठवून दिला. ते वाक्य मलाही आवडलं नव्हतं.

सभेला आले ते नेहमीचेच, मेल न पाहताही आले असते असे. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ट्रस्टचे गृहस्थ सभ्य होते, चहा घेतला, महिनाअखेर खोली मोकळी करा म्हणाले. काकूंनी उरलेला चिवडा परत डब्यात भरला आणि मला विचारलं की मेल गेले होते ना. मी हो म्हटलं. मला रडू येत होतं, पण तेवढाही जोर उरला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मी फिल्टरच्या नावाने खडे फोडत होते. लेक कॉलेजात आहे. अठराची झाली तेव्हा हौसेने मीच तिला सभासद करून घेतलं होतं.

"ते लायब्ररीचे मेल? मी तर दरवेळी स्पॅम मार्क करते," ती वरणभात कालवत म्हणाली.

का, असं मी विचारलं.

"मला वाचता नाही येत ना ते. इतकी लंबी मराठी. आणि जे वाचता येत नाही ते उघडायचं नाही, डायरेक्ट स्पॅम करायचं, हे तूच शिकवलंस, आई."

शिकवलं होतं खरं, आणि बरोबरच शिकवलं होतं. लोक पुन्हापुन्हा स्पॅमचं बटण दाबत राहिले की फिल्टर त्यांच्यावरून शिकतो आणि इतरांकडेही तो पत्ता अडवतो, हे मी ऑफिसात रोज सांगते. आमच्या सभासदांत निम्मी तरी अशीच मुलं, आईबापांनी हौसेने नाव घातलेली. त्यांना ती अक्षरं म्हणजे कुठल्या तरी भामट्याचा मेल. फिल्टरने आमच्याच मुलांचं ऐकलं होतं. लेकीवर रागावता आलं नाही. ती भात जेवत राहिली, मी बसून राहिले.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. चूक सापडली का, त्यांनी विचारलं. लाभ कुठं राहून गेला होता का?

"लाभाचा काही दोष नव्हता, काकू," मी म्हटलं. "उगाच काढला मी. पुढच्या निमंत्रणात परत लिहू या."



"लिहू की," काकू म्हणाल्या. "पण आता बोलवायचं कुठं?"