गल्ली रिकामी का होत होती

आमच्या फोटोग्राफी क्लबचा एक नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतो. सरावाला निघताना प्रत्येकाने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावायची आणि परत येईपर्यंत ती काढायची नाही. क्लब चालवणारे आमचे निवृत्त शिक्षक सांगतात की, काढलेला फोटो आपण पाहत बसतो तेवढ्यात पुढचा निघून जातो.

त्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण पहिल्या एसटीने यवतमाळहून पुसदला गेलो. बाजारपेठेत रस्त्यावरचे फोटो काढायचे, प्रत्येकाने त्यातला एकच द्यायचा आणि त्यांतून वार्षिक प्रदर्शनाची निवड व्हायची, असे ठरले होते. आधीच्या दोन्ही वर्षी माझा फोटो नाकारला गेला होता. सरांचा शेराही दोन्ही वेळा तोच होता: "बरोबर आहे, पण यात कोणी राहत नाही." भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला 'बरोबर आहे' नंतरचा 'पण' पचत नाही. तिसऱ्या नकाराची माझी मुळीच तयारी नव्हती.

कापडबाजारामागच्या एका अरुंद गल्लीत, दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा तिरपा पट्टा उतरत होता. बाकी सगळी गल्ली सावलीत होती. पट्ट्यातून चालणारा माणूस क्षणभर उजळेल आणि मागच्या अंधारातून उठून दिसेल, असे माझे गृहीतक होते. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, पट्ट्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले, फोकस तिथे पक्का केला, शटरचा वेग उन्हाला जुळवला. आता फक्त माणूस यायचा होता.

माणूस आला नाही.

मी पावले मोजत होते तेव्हा तर सारखी वर्दळ होती. शिवाय थंडीत माणसे उन्हाकडे सरकायला हवीत. दहा मिनिटांनी भिंग पुसायला कॅमेरा खाली घेतला, तर एक सायकल, दोन शाळकरी मुली आणि डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल एकामागून एक पट्ट्यातून निघून गेले. कॅमेरा उचलला, गल्ली रिकामी. खाली घेतला, वर्दळ सुरू. कारण आणि परिणाम यांचा इतका स्वच्छ संबंध मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळाला होता. लोक कॅमेऱ्याला बुजतात, असा निष्कर्ष काढून मी कॅमेरा ओढणीआड धरला. ओढणीतून वर काढताच पुन्हा तेच. पण बुजलेली माणसे परत फिरताना दिसायला हवी होती, आणि तशी एकही दिसत नव्हती. मग ती जात कुठे होती?

उत्तर माझ्या पाठीमागून आले.

"मावशी, अजून किती येळ? मले दुकान उघडाचं हाय."

"थांब न बापा. पोरगी फोटू काढून राह्यली, मधात काहून जातं?"

"मघा बी तू हेच म्हणलं."

"मंग? तुयामुळं फोटू खराब झाला तर? कवाची उभी हाय बिचारी."

मी वळले. तुरीच्या शेंगांचा ढीग लावून बसलेल्या एका बाईंनी एका हातात तराजू धरला होता आणि दुसरा हात सरळ वर केला होता. त्या हातामागे पंधरा-वीस माणसे मुकाट्याने थांबली होती. एकाने स्कूटर बंद केली होती, एकीने शेळीची दोरी आखडून धरली होती. मी पुन्हा पुढे पाहिले, तर पट्ट्यापलीकडच्या अंधारात, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला न्हावी दारात येऊन, मावशींकडे पाहून, तसाच हात वर करून उभा होता. माझा कॅमेरा खाली आला की दोन्ही हात खाली येत असणार.

मी मावशींवर आणि त्यांच्यामागच्या सगळ्यांवर कॅमेरा रोखला आणि बटण दाबले. दाबल्यावर आठवले, की माणसे सावलीत आहेत आणि माझी सगळी जुळणी उन्हाची आहे. स्क्रीनवर चिकटपट्टी. दुसरा फोटो घ्यावा तर एव्हाना सगळे ताठ झाले होते, स्कूटरवाला केसांवरून हात फिरवत होता.

"आमचा कायले काढतं?" दुकानवाला म्हणाला. "आमी तं तुयासाठीच बाजूले झालो."

"झालं का माय?" मावशींनी विचारले. "लोकाईले जाऊ देऊ?"

"जाऊ द्या, मावशी. मधूनच जाऊ द्या."

त्यानंतर उन्हाच्या पट्ट्यातला फोटो मला पाचच मिनिटांत मिळाला. संध्याकाळी यवतमाळला पट्टी काढली, तेव्हा तो अगदी हिशोबाप्रमाणे आलेला होता. दुसरा काळपट होता, मावशींचा हात तेवढा स्पष्ट, मागचे चेहरे अंधुक. मी दोन्ही बराच वेळ पाहत बसले. काळपट फोटोतल्या प्रत्येक चुकीचे कारण मला सांगता येत होते. तरी नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. मी तोच दिला.

"हे सगळे कशाची वाट बघताहेत?" सरांनी विचारले.

"माझं आटपण्याची."

त्यांनी तो निवडलेल्या फोटोंत ठेवला. शेरा दिला नाही.

आठवड्याने मी त्याची प्रत घेऊन पुसदला गेले. मावशींनी पदराला हात पुसून ती उजेडात धरली.

"हे कोन?"

"तुम्ही."

"माया तं निस्ता हातच हाय. अन् लोकाईले थांबवलं कोनं?" त्यांनी तराजू ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गल्लीतल्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन उभ्या राहिल्या. "घे. आता नीट काढ."

मी कॅमेरा उचलला. माझ्यामागे दोन सायकली थांबल्याचा आवाज आला.