पलीकडच्या कळपात

प्राणिसंग्रहालयात ती माकडांची देखभाल करायची; सगळे तिला वहिनी म्हणत. घरी शिंपीकाम करणारा नवरा, आणि इथे हिचा दुसरा संसार: भिंतीच्या अलीकडे हिरवट बबून माकडं, पलीकडे राखाडी. दोघांचीही तोंडं कुत्र्यासारखी लांब, पण रीत निराळी. हिरवट्यांत घर बायकांचं. आईचा मान लेकीला मिळायचा, नर आपले येऊन-जाऊन. राखाड्यांत रुपेरी आयाळीचा एक नर आणि त्याच्या मुठीतल्या माद्या. एखादी जरा लांब गेली की तो भुवया उडवून डोळे वटारायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर मानेला चावायचा.

हिरवट्यांतली एक म्हातारी मेली आणि तिच्या धाकट्या लेकीचे हाल सुरू झाले. वहिनी तिला पोर म्हणायची. बाकीच्या माद्या पोरीला खाण्यावरून हुसकायच्या, तिचे केस उपटायच्या. वहिनीला बघवेना. पलीकडे निदान कोणीतरी पाठीशी राहील, असं तिला वाटलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनाही पटलं. पोरीला पलीकडे सोडलं.

नरानं तिला मानेला धरून फरफटत नेलं. ती निसटली, तो पुन्हा चावला. वहिनी कडीवर हात ठेवून उभी होती. पण दुपारपर्यंत पोर त्याच्या मागोमाग चालायला लागली, नजर त्याच्या पाठीवर. जखमांपेक्षा ते इतक्या लवकर शिकणंच वहिनीच्या जिवाला लागलं. घरी नवऱ्यानं विचारलं, तर "रुळली," एवढंच सांगून ती पानावरून उठली.

पुढे पोरीला पिल्लू झालं, काळंकुट्ट, सदा पोटाला चिकटलेलं. त्याच सुमारास एक तरुण नर रुपेरी आयाळीच्या म्हाताऱ्या नराच्या आसपास घुटमळू लागला. करायचा काही नाही. समोर बसून नुसती जांभई द्यायचा, सगळे सुळे दिसतील अशी. बघायला आलेले लोक हसायचे. झोप आलीय म्हणायचे. वहिनी पिल्लाकडे बघायची. नवा धनी आला की आधीच्याची पिल्लं वाचत नाहीत, हे तिनं पूर्वी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका सकाळी पिंजरा चिडीचूप होता. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलेला, खांदा फाटलेला, रुबाब पार उतरलेला. तरुण नरानं पोरीची मान धरली होती आणि त्याची नजर तिच्या पोटाशी होती. वहिनीनं आतल्या खोलीचा सरकता दरवाजा वर ओढला आणि लोखंडी बादली गजांवर दाणकन आपटली. नर दचकला, पकड सुटली. पोर पिल्लासकट आत शिरली. त्याचा हात फटीत येतोय तोच दरवाजा खाली पडला.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हिला आता हिरवट्यांतही सोडता येणार नाही. त्या फाडून टाकतील."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "इथे आणलं मीच."

मायलेकरं त्या खोलीतच राहिली. पिल्लू बाळसं धरतंय, गजांना लोंबकळतंय. पण दरवाज्यापलीकडे नर भुंकला की पोर खाणं टाकते, पिल्लाला पोटाशी घेते आणि दाराला तोंड लावून बसते, ते उघडायची वाट बघत.