उरेल ते तिचं

बाईसाहेबांची जिरली याचा मला आजही आनंद होतो, आणि तो मी लपवत नाही.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघी राहायचो. बाईसाहेब, मी आणि मुनीमजी. ही नावं आम्हीच एकमेकींना ठेवलेली. दर रविवारी तिघींचे सारखे पैसे एका डब्यात पडायचे आणि त्यात मुनीमजी आठवडाभर घर चालवायची. बाजार तिचा, स्वयंपाक तिचा. त्या बदल्यात शनिवारी डब्यात उरेल ते तिचं, आणि कमी पडलं तर तिने पदरचे घालायचे. नियम बाईसाहेबांनी काढलेला. विद्यार्थ्यांच्या डब्यात काही उरेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण मुनीमजी बाजार उठायच्या वेळी जायची आणि अर्ध्या किमतीत भाजी आणायची. घासाघीस अशी करायची की भाजीवाला तिला लांबून बघूनच तोंड फिरवायचा. जेवायला सगळ्यांत शेवटी बसायची. दूध तर घ्यायचीच नाही. "मला नाही चालत," म्हणायची.

उरलेले पैसे ती गावी जायच्या तिकिटासाठी साठवत होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. पट्टी सुटेल तेव्हा आपण आईसमोर असायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाईसाहेबांनी तिची पैशांची पुरचुंडी पाहिली.

"आमच्या पोटाला चिमटा काढून तिकीट काढतेस होय?"

"नियम तुझाच आहे," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस. चोरी ती चोरी."

मुनीमजीने त्या पैशांचे तीन वाटे केले आणि आमचे आमच्यापुढे सरकवले. मी माझा परत दिला, पण तेवढ्यात तिकीट येत नव्हतं, आणि महिनाअखेरीला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पट्टी सुटली तेव्हा आईजवळ शेजारच्या काकू होत्या. मुनीमजी खिडकीत उभी राहून फोनवर विचारत होती, "दिसतंय ना गं नीट?" ती रडली नाही. आता बाईसाहेबांचं काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

रविवारी तिने डबा बाईसाहेबांपुढे ठेवला. "आता तू चालव. उरेल ते तुझं."

बाईसाहेब हरखल्या. त्यांचे बाबा जहाजावर कामाला. ते दोन दिवसांसाठी घरी येणार होते आणि बाईसाहेबांचे तिकिटाचे पैसे तयार होते. वर चार पैसे सुटले तर बाबांना काहीतरी नेता येईल, असा त्यांचा बेत.

त्या दिवसापासून मुनीमजी जेवायला पहिली बसू लागली. ताट भरून घ्यायची, संपवायची आणि शांतपणे विचारायची, "अजून भात आहे?" अंडी उकडली की दोन उचलायची. मीही हात आखडता घेतला नाही. बाईसाहेब भर दुपारी जाऊन भाजीवाला सांगेल त्या भावाने भाजी आणायच्या आणि आमच्या ताटांकडे बघत बसायच्या. डबा आठवड्याच्या मध्यावरच रिकामा झाला. मग त्यांच्या पर्समधले पैसे बाहेर यायला लागले.

शनिवारी त्या मुनीमजीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "थोडे देतेस? बाबा परवा परत जातील."

"नियम तुझाच आहे," मुनीमजी म्हणाली.

बाईसाहेब जिन्यात जाऊन आईशी फोनवर बोलल्या. यायला जमत नाही म्हणताना त्यांना रडू फुटलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मुनीमजीने पातेल्यातलं उरलेलं दूध पेल्यात ओतलं आणि ती ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"तुला चालत नाही ना?" मी विचारलं.

"चालतं की," ती ओठ पुसत म्हणाली. "लहानपणापासून आवडतं."