भोंगा होऊ दे, मग ठोकू

खिळा भिंतीला टेकवून, हातोडी उगारून मावशी तशाच थांबायच्या. "भोंगा होऊ दे," म्हणायच्या. पोलाद कारखान्याचा भोंगा वाजला की त्या आवाजात ठणाठण घाव घालायच्या. भोंगा थांबला की हातोडीही थांबे. अर्धा राहिलेला खिळा पुढच्या पाळीच्या भोंग्याला! तुम्ही हसाल, पण कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टर सहाच्या ओळीत रात्रपाळीहून आलेला कोणी ना कोणी दिवसा झोपलेला असायचाच.

मावशी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. आम्ही नागपूरहून नवेच आलेलो. भिंतींना अजून चुन्याचा वास आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर झाडाचं नाव नाही. आमचे हे रात्री भट्टीवर उभे राहत आणि दिवसा नुसत्या कुशी बदलत. एका रात्री कामावर उभ्या-उभ्याच यांचा डोळा लागला. सोबत्यानं कॉलर धरून मागे ओढलं म्हणून वाचले. घरी येऊन म्हणाले, "अशानं एक दिवस जीव जाईल. नोकरी सोडून परत जाऊ."

मी खिडकीला आतून जाड सतरंजी बांधली. अंधार झाला, पण खोलीची भट्टी झाली. मावशींनी सतरंजी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"उन्हाले आधी घरात घेतलं अन् मंग कोंडलं? पाहुणा हाय का तो? पडदा बाहेरून लावाचा, पोरी!"

दुसऱ्याच दिवशी त्या मला दुर्गच्या बाजारात घेऊन गेल्या. बांबूच्या काड्यांचे चिकाचे पडदे त्या एकेक करून उलगडायला लावत, आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहत.

"मी दिसून राहिली का?"

"हो, मावशी."

"मंग ऊनही दिसन. दुसरा दाखव वो बाई."

विकणारी वैतागली, मला लाज वाटू लागली. शेवटी एका पडद्यामागे मावशी दिसेनाशा झाल्या, नुसता आवाज आला, "हाच घे!"

दुपारच्या भोंग्याला आम्ही तो खिडकीच्या बाहेर लावायला घेतला. मी स्टूल धरलं. शेवटचा घाव पडला आणि नेमका भोंगा थांबला. घाव बसला होता त्यांच्या अंगठ्यावर. बाई तोंडातून अक्षर न काढता अंगठा चोखत अंगणभर नाचल्या.

त्यानंतर हे संध्याकाळपर्यंत झोपले. श्वास चालू आहे ना, म्हणून मीच मधूनमधून पाहून येत होते. स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. परत जायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. मावशींना म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "माणूस झोपून राहिला न."

पुढे मावशींच्या यजमानांची, काकांची, बदली झाली. सकाळी ट्रक आला. मावशी हमालांना दटावत होत्या, "पेट्या घासत नेऊ नका, उचला." हे नुकतेच झोपले होते. मी म्हटलं, "यांना उठवते."

"काही उठवू नको. रातभर भट्टीपाशी उभा होता तो." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि ट्रकमध्ये बसल्या.

हे उठले तेव्हा चार वाजले होते. मावशी गेल्या हे कळताच माझ्यावर भडकले, "मला उठवलं का नाहीस?" मी मावशींचे शब्द सांगितले. हे चहा तसाच ठेवून शेजारच्या कुलूप लावलेल्या दाराशी गेले आणि पायरीला हात लावून नमस्कार केला.