घाणेरीचं कुंपण

आज सकाळी गावातल्या बायका गायरानातली घाणेरी खणून काढत होत्या. ती खाल्ल्यामुळे शेजारच्या सुमनवहिनींच्या गाईचं नाक सोलून निघालं होतं. बिचारी उन्हात उभीसुद्धा राहीना. खणत खणत बायका माझ्या कुंपणाशी आल्या आणि थांबल्या. माझं कुंपण घाणेरीचंच. तिच्या लाल-पिवळ्या फुलांचं कौतुक मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बी गायरानभर टाकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलासुद्धा.

एकीनं कुदळ उचलली, तशा सुमनवहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते राहू दे गं. भाऊजींनी हौसेनं लावलंय."

त्या भांडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. या सांभाळून घेण्याला काय उत्तर देणार? माणसं आपल्याला असं किती सांभाळून घेत असतात, आणि आपण त्याला आपला मान समजत राहतो.

मी कुदळ घेऊन बाहेर आलो. "वहिनी, सुरुवात इथूनच करायला हवी होती," मी म्हणालो. त्या माझ्या शेजारी खणायला वाकल्या. त्यांच्या नजरेला नजर देणं मात्र मला दिवसभर जमलं नाही.