सुरतेची कानबाई

सुरतेच्या नवागाममध्ये सरलाबाईला ओळखत नाही असा खानदेशी माणूस विरळा. साड्यांचे लोंबते धागे कापून कापून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, आणि तिचे प्रश्न ऐकून ऐकून लोकांच्या डोक्याला. एखादी गोष्ट ‘तशीच असते’ असं कुणी म्हटलं की बाईचं टाळकं सरकतं. तशी म्हणजे कशी? कुणी ठरवली?

पण एक गोष्ट तिनेही वीस वर्षं विचारली नव्हती. श्रावणात खानदेशची कुलदेवी कानबाई बसते ती गावाकडे, थोरल्या घरी. तिच्या रोटासाठी, म्हणजे भाऊकीनेच खायच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, भाऊकीतल्या प्रत्येक घरातून गहू जातो, घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी. सुरतेतल्या आठ घरांचा गहू सरलाबाईच्या खोलीत एकाच पोत्यात गोळा व्हायचा, कारण तिचा नवरा आनंदा सगळ्यांच्या आधी इथे लूमवर आला होता. ज्या घरची मूठ पोत्यात, ते घर भाऊकीत.

माघात आनंदा गेला. यंदा पोतं भरू लागलं तेव्हा थोरल्या दिरांचा, निंबाअप्पांचा गावाहून निरोप आला: सरलाकडचा गहू घेऊ नका, तिच्या घरात आता पुरुष नाही.

सरलाबाई रडली नाही, तिला नवल वाटलं. पोतं माझ्या घरात आणि मी पोत्याबाहेर, हे कसं काय?

मुलगी हर्षदा कॉलेजच्या परीक्षेसाठी अमेरिकेतल्या वसाहतींचा धडा वाचत होती. धागे कापता कापता सरलाबाई तिच्या मागेच लागली. ते तर इंग्रजांचेच भाऊबंद ना, मग आपल्याच माणसांवर का उठले? कर फार होता? हर्षदा म्हणाली, तिकडच्या इंग्रजांपेक्षा कमीच होता. पण ठरवायचं लंडननं, आणि यांना कुणी विचारायचं नाही. तरी आधी त्यांनी राजाला अर्ज केले, आम्ही तुमचेच आहोत म्हणून.

“मंग आपन बी पहिले अर्ज करू,” म्हणत सरलाबाईने फोन लावला. “अप्पा, मना घरमा दोन मानसं शेतस. मना घरन्या मुठी कितल्या?”

अप्पा हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, एवढंच मनात असेल तर तुझा गहू चेतनच्या नावात घाल. चेतन त्यांचा मुलगा, इथेच नवागामात राहणारा. दरवर्षी पोतं गावी नेणारा तोच.

हर्षदाने पुस्तकातून मान वर केली. “माय, लंडनवाले पण सेम हेच बोलले होते. आमची पार्लमेंट तुमच्या वतीनं पण बोलते म्हणे.”

शनिवारी सकाळी चेतन पोतं न्यायला आला, सोबत बायको पूजा. सरलाबाईने त्याला सरळ विचारलं, रोटाचं काहीही ठरवताना सुरतेतल्या कुणाला कधी विचारलं का रे? चेतन म्हणाला, काकू, डोकं नका खाऊ, गाडी चुकेल. तेवढ्यात पूजा हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही इथेच कानबाई बसवली तर माझ्या दोन पोरींच्या मुठी धराल?”



सरलाबाईचा हात पोत्यावर गेला, आणि थांबला. आठ घरांचं मी एकटीनं ठरवलं तर मग मी कोण, लंडन? तिने पायात चपला सरकवल्या आणि दारोदार फिरली. कानबाई इथेच बसवायची का, हे बायांनाही विचारलं. तिचं धरून चार घरं हो म्हणाली. तीन घरांनी आपला गहू परत मागितला, तिने तो मापून दिला, वर चहाही पाजला. चेतनच्या घराचं मात्र एक मत होईना.

अप्पांना तिने स्वतःच फोनवर सांगितलं. ते कडाडले, ज्या नारळाची कानबाई मांडतात तो पिढीजात नारळ इथे आहे, तू कुठून आणशील?

“अप्पा, तुमना नारय बी कधी तरी दुकानमाईनच उना व्हई ना?”

पलीकडून फोन ठेवला गेला. आता आजारपणात, मरणात गावचं कुणी आलं नाही तर बोलायला जागा नव्हती.

चेतन आपल्या एकट्याची सव्वा मूठ पिशवीत घेऊन स्टेशनवर गेला. पूजा पोरींना घेऊन मागेच राहिली. सरलाबाईने हर्षदाच्या नावाने सव्वा मूठ पोत्यात टाकली, मग स्वतःच्या नावाने. पूजाने विचारलं, रोट किती दिवस पुरवून खायचे?

“बस खाले,” सरलाबाई म्हणाली. “बाकीच्या बायास्नी येऊ दे. मंग ठरवू.”