तानूबाईच्या ओठावरची पट्टी

तोंड न आवरणारी माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या आईचं, तानूबाईचं, तोंड म्हणजे के. आर. पुरम स्टेशनावरचा भोंगा. भालकी गावाकडून इथं या कन्नड शहरात आली त्याला आता जमाना झाला. भाजीवाल्याशी कन्नडात भांडते, घरी मराठीत, आणि भांडण रंगलं की दोन्हीत. अशा बाईनं आपणहून तोंडाला चिकटपट्टी लावली, तेव्हा मी तिची पोटची पोर असून मला आधी हसूच आलं.

झालं असं. माझ्या भावाला, दयानंदला, मुलगा झाला. विराट. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. डॉक्टर क्षमा म्हणाल्या, "ओठ शिवता येतो, छान होतो. तोवर बसतं धरून चमच्यानं दूध पाजा, वजन वाढवा. आणि या गालापासून त्या गालापर्यंत ही पट्टी, म्हणजे फटीच्या कडा जवळ येतील. दर आठवड्याला दाखवायला आणा, नाहीतर ऑपरेशन लांबेल."

सोपं वाटतं ना? माझी वहिनी शिवलीला पोराला घेऊन बसमध्ये बसली की पुढच्या सीटवरची बाई वळायचीच. पट्टी कशाची? आणि मग ठरलेला प्रश्न, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" रिक्षा केली, तर रिक्षावाला सिग्नलला मान वळवून, "अक्का, ग्रहण?" ग्रहणाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं होतं. पण हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला होता आमच्या आईनंच, बाळंतिणीच्या खाटेपाशी उभं राहून. आपलं चुकलं, असं पुढं ती कधी म्हणाली नाही. शेवटी शिवलीलानं दवाखान्यात जाणंच सोडलं. दार लावून बसायची. पट्टी सैल पडली, ऑपरेशनची तारीख पुढं गेली. मला वहिनीचा राग येत नव्हता, आईचा येत होता.

समोर नवी बिल्डिंग उठत होती. नजर लागू नये म्हणून तिच्यावर राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा टांगलेला. आई गॅलरीत उभी राहून त्याच्याकडं बघत बसली. मग आत आली, विराटच्या पट्टीतला तुकडा कापला आणि स्वतःच्या ओठावर चिकटवला, या गालापासून त्या गालापर्यंत.

"चल गं शिवलीला," पट्टीचं टोक उचलून म्हणाली, "आता तुझ्याकडं कोण बघतंय तेच बघते." आणि टोक परत दाबून टाकलं.

खरंच कुणी बघितलं नाही! अख्खी बस आईकडं. मौनव्रत आहे समजून कंडक्टरनं आपली सीट दिली. एकीनं पाया पडून लेकाच्या नोकरीचं विचारलं. आईनं जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं, तर ती म्हणते, "सरी अम्मा, बरं बरं, म्हणजे उशिरा लागेल." पुढच्या आठवड्यात ती बाई नारळ घेऊन स्टॉपवर हजर, सोबत आणखी दोघी. आई डोळ्यांनी शिव्या घालत होती आणि बायांना त्यात तेज दिसत होतं. घरात नारळांची रास. चटणी खाऊन खाऊन आम्ही विटलो. डॉक्टर क्षमांनी विराटची पट्टी घट्ट केली, आईकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजींचीही थोडी सैल आहे."

"घरी तरी काढ की," मी म्हणायची. ती दाराकडं बोट दाखवायची. शेजारणी कधी टपकतील आणि शिवलीलाला ग्रहणाचं विचारतील, नेम नाही.

वजन भरलं, ऑपरेशन झालं, ओठ जुळला. टाके निघाले त्या दिवशी घरी येताच आईनं पट्टी ओढून काढली. "सुटले गं बाई!" म्हणत तिनं विराटला उचललं.

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. ही कोण? त्याच्या लेखी आजी म्हणजे पट्टीवाली. "मीच हाय की रे, तुझी आज्जी!" ती बोलेल तेवढा तो जास्तच रडायला लागला. आईचं तोंड एवढंसं झालं.

शिवलीला उठली. पट्टी कापली आणि विराटला लावायची तशीच, हलक्या हातानं, सासूच्या गालांवर बसवली.

विराट गप्प झाला. मग त्या शिवलेल्या ओठानं हसला, पहिल्यांदाच. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली.

आईला काहीतरी बोलायचं होतं. तिचा हात पट्टीच्या टोकाकडं गेला.

"राहू द्या, अत्याबाई," शिवलीला म्हणाली, "कळलं मला."